जूदचं तोंड आलं तेव्हा

१४ ऑक्टोबर

ही वही मुळात दैनंदिनी नव्हती. आरोग्य केंद्रातल्या इन्साफ सिस्टरनी बजावलं होतं, "किती वेळा पाजलंस, किती लंगोट ओले झाले, रोज लिहायचं. शाळेत गणित शिकवतेस ना? मग रकाने आखायला जमेल तुला." जमलं. सहा आठवडे रकाने भरत गेले. आज रकान्याबाहेर लिहावं लागतंय, कारण 'आई रडली' असा रकाना मी आखलेलाच नाही.

जूद छातीला लागली आणि मी किंचाळले. काचेचा चुरा चोळावा तसं वाटलं. पाजून झाल्यावरही पाठीपर्यंत सुया टोचत राहिल्या. तीही धड पीत नव्हती. तोंडात घ्यायची, सोडायची, रडायची, पुन्हा घ्यायची. तिच्या गालांच्या आत पांढरं दिसलं. दूधच असेल म्हणून फडक्यानं पुसायला गेले तर निघेना, आणि जिथं थोडं निघालं तिथं लालभडक.

माझा आवाज ऐकून आत्याबाई, म्हणजे सासूबाई, खालून धापा टाकत वर आल्या. खाली त्या, थोरले दीर नायफ, जाऊ खिताम आणि तिचे चार मुलगे. वर मी आणि जूद. जूदचा बाप फव्वाज अकब्याच्या बंदरात नोकरीला, गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी जातो.

आत्याबाईंनी जूदचं तोंड उघडून बघितलं आणि निकाल दिला, "तुझं दूध नासलंय."

मग खाली जाऊन पावडरच्या दुधाचा डबा आणून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हट्ट करू नकोस, रुदैना. नायफलासुद्धा मी डब्यावरच वाढवलं."

डब्यावरचं बाळ माझ्याकडे बघून हसत होतं. फार गुटगुटीत आहे मेलं.

१५ ऑक्टोबर

इन्साफ सिस्टरकडे गेले. आत्याबाई सोबत आल्याच.

सिस्टरनी जूदच्या तोंडात बॅटरी मारली. "बुरशी आहे. लहान बाळांना होते."

"हिचं दूध नासलंय म्हणून," आत्याबाई म्हणाल्या.

"दूध नासायला ती काय पातेलं आहे का, हाजी?" सिस्टर माझ्याकडे वळल्या. "टाक्यांसाठी अँटिबायोटिक घेतलं होतंस? बाळंतपणानंतर?"

घेतलं होतं. दोनदा.

"मग झालं तर. आता नीट ऐक. पाजणं थांबवायचं नाही. हिच्या तोंडात थेंब, पाजून झाल्यावर, दिवसातून चार वेळा. तुला मलम, तेही पाजून झाल्यावर. दोघींचं औषध एकाच वेळी. एकीचं केलंत आणि दुसरीचं राहिलं तर तुम्ही हा चेंडू एकमेकींकडे टाकत बसाल. चोखणी रोज उकळायची. छातीचे कपडे कढत पाण्यात धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. हात धुवायचे. पांढरं गेलं की लगेच औषध सोडायचं नाही."

"मी मधाचं बोट लावणार होते," आत्याबाई.

"वर्षाच्या आत मध नाही. एक थेंबसुद्धा नाही."

आत्याबाईंनी तोंड असं केलं की बॅटरी तिकडे मारावी.

निघताना सिस्टरनी विचारलं, "अजून दोन-चार दिवस चांगलंच दुखेल. सोसशील?"

मी हो म्हटलं. गृहपाठ न केलेल्या मुली 'झालाय' म्हणतात त्या आवाजात.

१७ ऑक्टोबर

पाजलं आठ वेळा. रडले पाच वेळा. (रकाना आखला शेवटी.)

दुपारी खाली बसले होते. जूद भुकेनं ओरडत होती आणि मी तिला छातीला लावायचा धीर गोळा करत होते. खिताम समोर सनदला पाजत होती. सनद तिचा धाकटा, सात महिन्यांचा. पिताना गुरगुरतो. माझ्याकडे बघत ती सहज म्हणाली, "दे इकडे. दुसरी बाजू रिकामीच आहे माझी."

"खबरदार!"

आत्याबाईंच्या हातातला चहाचा ट्रे खाली आला. सहा पेले फुटले.

मला आधी कळेचना. मग आठवलं. जूद जन्मली त्याच दिवशी आत्याबाईंनी जाहीर केलं होतं की ही सनदची. सगळ्या आळीत शहाजिऱ्याची खीर वाटताना हेच सांगितलं त्यांनी. आणि एकदा का खितामनं जूदला पाच वेळा पोटभर पाजलं, की ती खितामची दुधाची मुलगी, सनदची बहीण. मग कसलं लग्न!

"एक थेंब नाही!" आत्याबाई काचा गोळा करता करता ओरडत होत्या. "भूक लागली तर डबा आहे!"

खितामनं सनदला दुसऱ्या बाजूला घेतलं, बस्स. जाऊबाई माझ्याशी तशा कमीच बोलतात. मला वाटतं त्यांना मी जरा नाजूक वाटते. चार मुलगे वाढवलेली बाई, तिला माझ्या रडण्याची गंमतच वाटत असणार.

१९ ऑक्टोबर

फव्वाजला त्या लग्नाबद्दल विचारलं. म्हणाला, "आईला बोलू दे गं. वीस वर्षं आहेत अजून."

"खिताम आणि नायफभाऊंचंही असंच ठरलं होतं ना?"

"हो, नाळ कापतानाच. मामाची मुलगी. बघ, चाललाय ना छान संसार!"

चाललाय खरा. नायफभाऊ भला माणूस आहे, मिनीबस चालवतो, बायकोवर आवाज चढवत नाही. खिताम बारावीला जिल्ह्यात दुसरी आली होती म्हणे. मला हे आजच कळलं. फव्वाजनं अशा सुरात सांगितलं, जसं काही ती लहानपणी चांगली पोहायची.

२१ ऑक्टोबर

ऑलिव्हची तोडणी सुरू झाली. आत्याबाई, नायफभाऊ आणि मोठी मुलं पहाटेच मळ्यात गेली, ती दिवे लागायच्या सुमारास येतात. घरात मी, खिताम आणि दोन बाळं.

बारा वाजता खिताम वर आली. दारातच उभी. "तू झोप. हिला दोन तास खाली नेते."

"भूक लागेल तिला."

"लागली तर आणीन."

आणली नाही. अडीच वाजता आणली ती गाढ झोपलेली, मुठी उघड्या. सात आठवड्यांत मी सलग दोन तास पहिल्यांदाच झोपले. जाऊबाईंबद्दल वाईट लिहिलं होतं ते अर्धं मागे घेते.

२२ ऑक्टोबर

आजही नेली. आजही झोपलेली आली. विचारलं, काय जादू करतेस? म्हणाली, "माझ्या हाताला झोप आहे."

दुखणं किंचित कमी. जूदच्या जिभेवर गुलाबी दिसायला लागलंय.

२४ ऑक्टोबर

गणित जुळत नाही. पाजलं सहा वेळा, म्हणजे कमीच. ओले लंगोट मात्र नऊ. आत जातंय त्यापेक्षा बाहेर जास्त येतंय. असं उदाहरण मुलींनी सोडवून आणलं असतं तर मी लाल शाईनं फुली मारली असती.

खालून आली की मुळी घेतच नाही. तोंड फिरवते. माझी छाती दगडासारखी झालेली, आणि ही छताकडे बघून हसते. पिळून बेसिनमध्ये टाकलं. टाकताना रडू आलं. आत्याबाईंचं खरं असेल तर? माझ्या दुधाला औषधाचा वास येत असेल, चव बिघडली असेल. लेकराला कळतं ते.

२७ ऑक्टोबर

चोर सापडला असं वाटलं होतं.

काल एकदम डोक्यात आलं, आत्याबाई! मळ्यात जाण्याआधी खितामला सांगून जात असणार, 'गुपचूप डब्याचं पाज.' म्हणून आज खिताम कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तशी मी खाली उतरले आणि स्वयंपाकघर धुंडाळलं. बाटली नाही. बूच नाही. पावडर सांडलेली नाही. तेवढ्यात आठवलं, डबा तर वर माझ्याच टेबलावर आहे! वर येऊन बघितला. सील जसंच्या तसं. डब्यावरचं बाळ पुन्हा हसलं.

खिताम गच्चीवरून उतरली तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा ओणवी होऊन ओट्याखाली बघत होते.

"काय हरवलं?"

"काही नाही. झातरचा मसाला संपलाय वरचा."

तिनं बरणीतून झातर काढून दिला. देताना हात छातीशी धरून जरा थांबली, डोळे मिटून. सनद चावला असेल. दात येतायत त्याला.

३० ऑक्टोबर

माझं पुष्कळ बरं आहे, पण जूदच्या तोंडात पांढरं परत आलं. गेलं होतं! मी स्वतः बघितलं होतं! थेंब एकदाही चुकवले नाहीत. चोखणी इतकी उकळली की तिचा आकार बदलला.

आज डब्याचं सील नखानं थोडं उचललं. मग परत दाबून बसवलं.

२ नोव्हेंबर

इन्साफ सिस्टर चक्रावल्या. "तुझी छाती तर छान आहे. मग हिला परत कुठून येतंय? घरात आणखी कुणाचं तोंड आलंय?"

"नाही."

"आणखी कोणी पाजतं हिला?"

मी हसले. म्हटलं, "सिस्टर, आमच्याकडे त्यावरून सहा पेले फुटलेत."

त्या हसल्या नाहीत. थेंब आणखी दहा दिवस चालू ठेवायला सांगितले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

५ नोव्हेंबर

आजचं नीट, क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

तोडणी संपली. आत्याबाई घरी होत्या आणि सनदला मसुराच्या सूपमध्ये पाव कालवून भरवत होत्या. पहिल्याच घासाला त्यानं असा टाहो फोडला की मी जूदला घेऊन खाली धावले. आत्याबाईंनी त्याचं तोंड उघडलं. पांढरं. गालात, जिभेवर, टाळ्याला.

"याला कसं झालं?" आत्याबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी खितामकडे. खिताम भांडी घासत होती. घासतच राहिली.

सगळी वरात आरोग्य केंद्रात. दोन सुना, दोन बाळं, एक हाजी. सिस्टरनी सनदचं तोंड बघितलं, जूदचं बघितलं, आणि खितामला विचारलं, "तुला दुखतं?"

"सुयांसारखं. दहा दिवस झाले."

"दहा दिवस गप्प राहिलीस?"

"चमचा!" आत्याबाई मध्येच म्हणाल्या. "एकाच चमच्यानं औषध दिलं असेल दोघांना. नाहीतर चोखणी. चोखणीच असणार. सांग ना गं, खिताम, चोखणी होती ना?" इतक्या विनवणीनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"चोखणी नाही, आत्या," खिताम म्हणाली. (ती त्यांची सख्खी भाची, म्हणून नुसतं आत्या.) "मी पाजलं जूदला."

खोलीत फक्त सनद रडत होता.

"किती वेळा?" सिस्टरनी विचारलं. त्यांना औषधासाठी हवं होतं.

"किती वेळा?" आत्याबाईंनीही विचारलं. त्यांना औषधासाठी नको होतं.

"पाचापर्यंत मोजलं," खिताम म्हणाली. "मग मोजायचं सोडून दिलं."

आत्याबाई खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर लसीकरणाची पाकिटं होती. त्यांना कळलं नाही.

सिस्टरनी चार जणांचं औषध लिहून दिलं. आता चारही जणांचं एकाच वेळी.

६ नोव्हेंबर

मला राग आला आहे. लिहून ठेवते, म्हणजे उद्या 'नव्हता' म्हणता येणार नाही. माझं लेकरू, मला न विचारता. मी बेसिनमध्ये दूध ओतत होते, स्वतःला नासकी म्हणत होते, आणि ती खालून 'माझ्या हाताला झोप आहे' म्हणत होती.

संध्याकाळी खिताम वर आली. या वेळी दारात थांबली नाही, आत येऊन बसली.

"ओरड," म्हणाली. "खाली ओरडून झालंय त्यांचं. तुझं राहिलंय."

मी ओरडले नाही. बेसिनचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी खरंच ती भुकेनं रडत होती," ती म्हणाली. "आणि तू वर मेल्यासारखी झोपली होतीस. उठवायला जिन्यापर्यंत आले होते. मग वाटलं, एक दिवस झोपू दे."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी मोजायला लागले."

"मला विचारायचंस ना."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मग जन्मभर त्यांनी तुला बोल लावला असता. आता सगळं माझ्या डोक्यावर. माझं काय, मी त्यांच्या भावाची मुलगी. मला घालवून देणार कुठे?"

"तरी विचारायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

एवढंच. मग जूदचा पाय हातात घेऊन म्हणाली, "आम्ही पाच बहिणी. पाचवी मी. माझं नाव ठेवलं खिताम, म्हणजे 'संपलं, आता पुरे'. नाव ठेवताना विचारलं नाही, नायफला देताना विचारलं नाही. त्यालाही नाही विचारलं बिचाऱ्याला. तो चांगला आहे. पण चांगला निघाला, हे नशीब. हिला तरी कुणीतरी विचारू दे."

जूदला पाजायची वेळ झाली होती. ओढणीखाली घेतली. खितामही बसून राहिली. पिताना जूदचा एक हात बाहेर होता आणि त्यात खितामचं बोट.

तिला चार मुलगे आहेत. एकही मुलगी नाही. हे मला माहीत होतंच. आज मात्र मी ते कितीतरी वेळ पाहत बसले.

८ नोव्हेंबर

शुक्रवारच्या नमाजानंतर आत्याबाईंनी मशिदीतल्या शेखना फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर. फव्वाज आणि नायफभाऊ भिंतीला टेकून, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे. खिताम स्वयंपाकघरात द्राक्षाची पानं भरत होती.

"आजारी होतं हो मूल," आत्याबाई. "आजारात मोजत असतील का?"

"बाळ दोन वर्षांच्या आतलं आहे ना?"

"दोन महिन्यांचं."

"वेगवेगळ्या वेळी पाजलं? पाच वेळा?"

"पाच की काय, कुणी बघितलंय!"

"सहा! सात! पंधरा!" स्वयंपाकघरातून आवाज.

"पोटभर? बाळानं स्वतःहून सोडलं?"

"तिनं थोडंथोडंच चाटलं असेल, शेख. तोंड आलेलं, किती पिणार..."

"ढेकर दिली तिनं!" स्वयंपाकघर. "दर वेळी!"

फोनमध्ये शेख खोकले. मला वाटतं हसले. "मग हाजी, तुमच्या नातवंडांना बहीण मिळाली. मुबारक असो. ती आता त्या घरचीही मुलगी. सनदचीच नव्हे, चारही भावांची बहीण."

नायफभाऊ इतका वेळ जमिनीकडे बघत होते. आता वर बघून म्हणाले, "म्हणजे माझीही मुलगी?"

"दुधाची. हो."

त्यांनी माझ्याकडे येऊन हात पुढे केले. मी जूदला दिली. त्यांनी तिला धरलं ते मिनीबसच्या चाकासारखं, दोन्ही हातांनी, समोर लांब.

आत्याबाईंनी शेवटचं विचारलं, अगदी हळू आवाजात, "आणि शेख, हिची बहीण झाली तर? पुढं कधी? तिलाही हे लागू?"

"नाही. जिनं दूध प्यायलं तिच्यापुरतंच."

आत्याबाईंनी फोन ठेवला. दोन दिवस त्या घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या. आज मला म्हणाल्या, "जेवलीस का, बाळा?"

१६ नोव्हेंबर

चौघांचीही तोंडं आणि छात्या स्वच्छ. सिस्टरनी बॅटरी मारून खात्री केली. आणखी दोन-तीन दिवस औषध, मग बंद. परवापासून पाजताना मी दात आवळत नाही. आज तर पाजता पाजता मुलींचे पेपर तपासले, आणि पानावर दूध पडलं तिथं एका मुलीला अर्धा गुण वाढवून दिला.

आत्याबाई फार बदलल्या आहेत. रोज सकाळी तुपातले खजूर घेऊन स्वतः जिना चढतात. "अंग भरू दे तुझं." काल फव्वाजला म्हणाल्या, अकबा सोड, इथंच कुठं नोकरी बघ, नवराबायकोनं एकत्र राहावं. मला भरून आलं. डब्याच्या दुधाचं नावसुद्धा नाही. डबाच कुणाला तरी देऊन टाकला. माणसाचं मन किती मोठं असतं, हे मी दुपारी खाली बसून खितामला सांगत होते. जूद मांडीवर पीत होती.

खिताम भेंडी चिरता चिरता थांबली. "तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"अगं, खजूर तुला नाहीत. दुसऱ्या मुलीला आहेत. ती अजून यायचीय."

मी आ वासला.

"शेख काय म्हणाले? जिनं प्यायलं तिच्यापुरतंच. सनद अजून रिकामा आहे." तिनं भेंडीचं देठ उडवलं. "येऊ दे. माझंही दूध काही आटलेलं नाही."

मी इतकी हसले, इतकी हसले, की जूदच्या तोंडातून सुटलं आणि दुधाची धार उडाली ती थेट खितामच्या तोंडावर. जूद रागावून ओरडली. खितामनं ओठ पुसले, चव घेतली, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली,

"एक झालं. अजून चार वेळा, की मी तुझी मुलगी."